नोंदीत नसलेली कारागीर : सरस्वतीबाई फाळके यांचा दप्तरी शोध

प्रास्ताविक

इतिहासात स्त्रियांनी कोणती कामे केली, हा प्रश्न गेल्या काही दशकांत मराठी अभ्यासविश्वात सातत्याने विचारला जात आहे. संत कवयित्री, सुधारक, लेखिका, अभिनेत्री यांच्यासंबंधी बरेच लेखन झाले. मात्र हाताने वस्तू घडवणाऱ्या, यंत्रावर बसणाऱ्या, तांत्रिक कौशल्य आत्मसात करणाऱ्या स्त्रीचा शोध तुलनेने कमी घेतला गेला. याचे एक कारण अभ्यासकांच्या आवडीनिवडीत आहे, तर दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण कागदपत्रांच्या स्वरूपात आहे. दप्तर कोणाची नोंद ठेवते आणि कोणाची ठेवत नाही, हे समजल्याशिवाय अशा स्त्रीचा शोध पुढे सरकत नाही.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने सरस्वतीबाई फाळके यांच्या कार्याचा विचार केला आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, हे आज सर्वमान्य आहे. तथापि हा वाटा ज्या शब्दांत सांगितला जातो, त्या शब्दांची चिकित्सा झालेली दिसत नाही. ती करणे हा या लेखाचा हेतू आहे.

शिक्का आणि वैधव्य : एक तुलना

विषयाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी प्रथम एक परदेशी उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल. इंग्लंडमध्ये सोन्याचांदीच्या वस्तू घडवणाऱ्या कारागिराला आपला शिक्का सोनारांच्या संघाकडे नोंदवावा लागे. लंडनमध्ये हे काम गोल्डस्मिथ्स हॉल येथे चाले. खिशात ठेवण्याच्या घड्याळाची चांदीची वा सोन्याची केस तयार करणाऱ्यांनाही हा नियम लागू होता. घड्याळाच्या तबकडीवर किंवा आतील यंत्रावर घड्याळजीचे नाव असे. केस घडवणाऱ्याची मात्र केवळ आद्याक्षरे झाकणाच्या आतील बाजूस उमटवलेली असत. केस उघडून पाहिली तरच ती दिसत. या नोंदवह्यांमुळे अठराव्या शतकातील कित्येक कारागिरांची नावे आज सांगता येतात आणि त्यांत स्त्रियाही आहेत.

या स्त्रियांपैकी अनेकींची नोंद पतीच्या निधनानंतरच होते, ही बाब लक्षणीय आहे. हेस्टर बेटमन (मृत्यू १७९४) हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तिचा पती जॉन बेटमन हा साखळ्या घडवणारा कारागीर होता. १७६० मध्ये त्याचे निधन झाले आणि १७६१ मध्ये हेस्टरने ‘एच. बी.’ हा आपला शिक्का नोंदवला. तिला लिहितावाचता येत नव्हते. तरीही पुढील सुमारे तीन दशके तिने कारखाना चालवला आणि तिच्या शिक्क्याची चांदीची भांडी आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पतीच्या मृत्यूनंतर एका वर्षात तिला हे सारे कौशल्य प्राप्त झाले असेल, असे मानणे कठीण आहे. पती हयात असताना ती त्या कारखान्यात वावरत होती, शिकत होती, बहुधा कामही करीत होती. त्या काळाची नोंद मात्र तिच्या नावावर नाही. नोंदवहीने तिचे काम टिपले नाही, तिची मालकी टिपली, आणि मालकी वैधव्याबरोबर आली.

या उदाहरणावरून एक सूत्र हाती लागते. दप्तर हे सामान्यतः मालक, करदाता, भागीदार, वादी, प्रतिवादी अशा नात्यांनी माणसाला ओळखते. पती हयात असलेली, त्याच्या उद्योगात बिनपगारी काम करणारी स्त्री यांपैकी कोणत्याच नात्यात बसत नाही. सरस्वतीबाईंचा शोध घेताना हे सूत्र पुन्हा पुन्हा आठवावे लागते.

नावांचा प्रश्न

मराठी स्त्रीचा कागदोपत्री शोध घेताना पहिली अडचण नावाची येते. चरित्रकारांनी दिलेल्या माहितीनुसार सरस्वतीबाईंचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर असे होते. फाळके यांच्या पहिल्या पत्नीचे प्लेगच्या साथीच्या काळात निधन झाले. त्यानंतर १९०२ मध्ये हा दुसरा विवाह झाला आणि विवाहानंतर गिरिजेची सरस्वती झाली. त्या काळच्या महाराष्ट्रीय कुटुंबांत ही रीत सर्वसाधारण होती. संशोधकाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा की, एकाच व्यक्तीच्या आयुष्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या नावांखाली विभागले जातात. पुढे ‘सौ. फाळके’ किंवा नुसते ‘पत्नी’ अशा उल्लेखांत दुसरे नावही मागे पडते. पुरुषाचा शोध घेणाऱ्याला एकच नाव घेऊन दप्तर चाळता येते. स्त्रीचा शोध घेणाऱ्याला नात्यांच्या आधाराने वाट काढावी लागते.

उपलब्ध साधने आणि त्यांची दृष्टी

सरस्वतीबाईंच्या कामासंबंधी विचार करताना तीन प्रकारची साधने समोर येतात.

पहिले साधन म्हणजे खुद्द दादासाहेबांचे लेखन. १९१७-१८ या काळात ‘नवयुग’ मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटासंबंधी लेखमाला लिहिली. मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा चित्रपट पाहिल्यावर मनात उठलेली खळबळ, साधनांची जमवाजमव, १९१२ मधील लंडनचा प्रवास हे सारे त्यांनी तेथे सांगितले आहे. मराठीतील चित्रपटविषयक लेखनाचा तो आरंभबिंदू मानला तरी चालेल. परंतु हे लेखन आत्मकथनपर असल्याने त्यातील प्रत्येक क्रियेचा कर्ता स्वाभाविकपणे ‘मी’ आहे. त्यात अप्रामाणिकपणा शोधण्याचे कारण नाही. एका नव्या स्वदेशी धंद्याचा प्रवर्तक लोकांपुढे आपली बाजू मांडीत होता. तरीही अभ्यासकाने त्या ‘मी’मध्ये किती हात सामावले आहेत, हे विचारले पाहिजे.

दुसरे साधन सरकारी आणि व्यावसायिक कागदपत्रांचे आहे. १९२७-२८ मध्ये भारतीय सिनेमॅटोग्राफ समितीने चित्रपटधंद्याची चौकशी केली आणि फाळके यांचीही साक्ष घेतली. समितीचे लक्ष सेन्सॉर, कर, परदेशी चित्रपटांची आयात, भांडवल या प्रश्नांवर होते. निर्मात्याच्या घरातील अंधाऱ्या खोलीत कोण काम करीत होते, हा तिच्या चौकशीचा विषय नव्हता. त्याआधी १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीची स्थापना झाली. भागीदारीच्या व्यवहारात भांडवल घालणाऱ्याची आणि पगार घेणाऱ्याची नोंद होते. ज्या गृहिणीने भांडवलदार म्हणून सही केली नाही आणि नोकर म्हणून पगार घेतला नाही, तिच्यासाठी खतावणीत रकानाच नसतो.

तिसरे साधन कुटुंबीयांच्या आठवणी आणि त्यांवर आधारलेली चरित्रे हे होय. सरस्वतीबाईंचे काम आपल्यापर्यंत पोहोचले ते मुख्यतः याच वाटेने. फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणे, चित्रीकरण झालेली फिल्म रसायनांत धुणे, चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून उजेड परावर्तित करणे, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणे, ही कामे त्या करीत असत, असे या आठवणी सांगतात. तारामतीची भूमिका करण्यास त्यांनी नकार दिल्याची कथाही सांगितली जाते. पुढे ती भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली, हे सर्वश्रुत आहे.

आठवणी हे साधन उणे आहे, असे नव्हे. परंतु आठवणींना स्वतःचा एक साचा असतो. कुटुंबाच्या आठवणीत आई प्रथम आई असते, पत्नी प्रथम पत्नी असते. तिचे कौशल्य सांगितले जाते ते तिच्या मायेचा पुरावा म्हणून. चरित्रकारही बहुधा हाच साचा स्वीकारतो.

‘त्याग’ आणि ‘साथ’ : दोन शब्दांची चिकित्सा

सरस्वतीबाईंविषयीच्या लेखनात सर्वाधिक वेळा येणारी घटना दागिन्यांची आहे. चित्रपटासाठी पैसा उभा करताना त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, ही हकिकत जवळजवळ प्रत्येक लेखात आढळते. छिद्रे पाडण्याचा उल्लेख येतो तो एखाद्या वाक्यात, स्वयंपाकाच्या शेजारी. या क्रमातून एक मूल्यमापन सूचित होते. दागिने देणे हा ‘त्याग’ आणि बाकी सारे काम ही ‘साथ’, असे ते मूल्यमापन आहे.

मराठी मनाला हे दोन्ही शब्द आदराचे वाटतात, आणि ते आदरानेच वापरले जातात. अडचण अशी की, या शब्दांमुळे कामाचे स्वरूप विचारण्याची गरजच उरत नाही. त्याग करणारीने काय दिले हे विचारले जाते. तिला काय येत होते, हे विचारले जात नाही. साथ देणारी कोणाच्या बाजूला उभी होती ते कळते. ती कोणत्या यंत्रावर बसली होती ते कळत नाही.

परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटाने सरस्वतीबाईंना मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे आणले, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. विभावरी देशपांडे यांनी साकारलेली सरस्वती रडवी नाही, दबलेली नाही. पतीच्या धाडसात ती आनंदाने सामील होते. तथापि चित्रपटाचा सूर विनोदी आणि कौटुंबिक असल्यामुळे तिचे श्रमही एका हसऱ्या घराच्या वातावरणाचा भाग होऊन जातात. त्यागाचा करुण सूर गेला आणि साथीचा प्रसन्न सूर आला, एवढाच हा बदल आहे. कारागीर म्हणून तिची ओळख तेथेही दुय्यमच राहते.

याच्या उलट टोकाला अलीकडची बिरुदे आहेत. वृत्तपत्रीय लेखनात सरस्वतीबाईंना भारतातील पहिली स्त्री संकलक किंवा पहिली स्त्री तंत्रज्ञ म्हटले जाते. उपेक्षेची भरपाई करण्याची इच्छा त्यामागे आहे. परंतु ‘पहिली’ हे विशेषण सिद्ध करण्यासाठी इतर सर्वांची नोंद उपलब्ध असावी लागते, आणि स्त्रियांच्या श्रमांची नोंद अपुरी आहे हाच तर मूळ मुद्दा आहे. बिरुदापेक्षा कामाचे वर्णन अधिक टिकाऊ ठरते.

कामाचे वर्णन : छिद्रांचा हिशेब

त्या वर्णनाचा आरंभ फिल्मच्या पट्टीपासून करता येईल. त्या काळी कच्ची फिल्म पुष्कळदा छिद्रांविना मिळत असे. फाळके यांनी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला, तसेच छिद्रे पाडण्याचे यंत्रही मागवले. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर प्रत्येक चौकटीच्या दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे असतात. एका फुटात १६ चौकटी बसतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट सांगितली जाते. म्हणजे सुमारे ५९,२०० चौकटी आणि त्यांच्या कडेला सुमारे ४ लाख ७३ हजार छिद्रे. ही संख्या फक्त एका निगेटिव्हची आहे. पडद्यावर दाखवण्याच्या प्रतीसाठी लागणाऱ्या पॉझिटिव्ह फिल्मवर तितकीच छिद्रे पुन्हा पाडावी लागत. वाया गेलेली फिल्म यात धरलेली नाही.

यंत्राच्या एका ठोक्यात एकाहून अधिक छिद्रे पडत असली तरी हे काम अंधाऱ्या खोलीत, न थकता, समान गतीने करावे लागे. छिद्रांमधील अंतर किंचित चुकले तर कॅमेऱ्यातील दात त्यात नीट बसत नाहीत, पडद्यावरचे चित्र थरथरते किंवा प्रक्षेपकात फिल्म फाटते. चित्रपट हलतो तो या छिद्रांच्या आधाराने. घड्याळाच्या चक्राचे दात जसे वेळ मोजतात, तशी ही छिद्रे चित्रांचा क्रम राखतात. कच्च्या फिल्मवर उजेड पडला तर ती निकामी होई, आणि फिल्म परदेशातून येत असल्याने तिची किंमत उसनवारीच्या पैशांतून चुकवलेली असे. अशा स्थितीत हे काम ज्या व्यक्तीकडे सोपवले जाते, तिच्या हाताविषयी आणि मनाच्या स्थैर्याविषयी सोपवणाऱ्याला खात्री असली पाहिजे. दागिने एकदा दिले की संपतात. हे कौशल्य मात्र प्रत्येक फुटाला पुन्हा सिद्ध करावे लागत होते.

याच काळात युरोपात फिल्म जोडणे, रंगवणे यांसारखी नाजूक कामे मोठ्या प्रमाणात स्त्रियांकडे होती. पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुइलिए हिच्या कार्यशाळेत अनेक स्त्रिया जॉर्ज मेलिएसच्या चित्रपटांच्या चौकटी हाताने रंगवीत. त्या कामगार होत्या, त्यांना वेतन होते, आणि कार्यशाळेच्या मालकिणीचे नाव तरी इतिहासात राहिले. दादरच्या घरात कार्यशाळा आणि स्वयंपाकघर एकाच छपराखाली होते. त्यामुळे तेथील तांत्रिक श्रम घरकामात मिसळून गेले आणि घरकामासारखेच अदृश्य झाले.

वस्तूची साक्ष आणि तिची हानी

लिखित नोंद नसेल तर वस्तूकडे वळावे, असे संशोधनशास्त्र सांगते. घड्याळाची केस आजही उघडून पाहता येते. शिक्का तेथे असतो. सरस्वतीबाईंच्या हातची वस्तू कोणती? फिल्मची छिद्रांकित कडा हीच त्यांची वस्तू होय.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली. पी. के. नायर यांच्या चिकाटीमुळे फाळके यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग तेथे जमा झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळे आज उपलब्ध आहेत, ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून १९१७ च्या सुमारास पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. त्याशिवाय जुनी फिल्म नायट्रेटची, अत्यंत ज्वालाग्राही असल्याने तिच्यावरील चित्रे सुरक्षित फिल्मवर उतरवून घ्यावी लागतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. प्रत काढताना चौकटीतील चित्र नव्या फिल्मवर उतरते; परंतु नव्या फिल्मला स्वतःची, कारखान्यात पाडलेली छिद्रे असतात. म्हणजे जतनाच्या प्रक्रियेत दिग्दर्शकाची दृष्टी, नटांचे अभिनय, पडद्यावरची देवळे आणि राजवाडे सारे टिकते. टिकत नाही ती नेमकी कडा. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पडद्यावर आलेल्या दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई, किंवा ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्ये कृष्णाची भूमिका करणारी फाळके यांची कन्या मंदाकिनी यांना निदान चौकटीत जागा मिळाली. चौकटीबाहेरच्या स्त्रीची साक्ष प्रतीबरोबर उतरत नाही.

मराठी साहित्याच्या इतिहासात शोधाचे एक सुखद उदाहरण आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले होते. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशित केले आणि एक लेखिका मराठीला परत मिळाली. तेथे छापील पुस्तक होते, मुखपृष्ठावर नाव होते. सरस्वतीबाईंच्या बाबतीत असे एखादे पुस्तक सापडण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. येथे शोधाची रीतच बदलावी लागते. नावापासून कामाकडे न जाता कामापासून नावाकडे यावे लागते. कोणते यंत्र आले, त्यावर किती तास काम लागले असेल, घरात किती माणसे होती, त्यांपैकी दादासाहेब बाहेर चित्रीकरणात असताना कोण उपलब्ध होते, असे प्रश्न क्रमाने विचारले म्हणजे कौटुंबिक आठवणीतील एका वाक्याला भक्कम आधार मिळतो.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतात. दप्तरात स्त्री कारागिराचा अभाव हा तिच्या कामाच्या अभावाचा पुरावा नव्हे. हेस्टर बेटमनची १७६१ ची नोंद जशी तिच्या आधीच्या वर्षांविषयी मौन बाळगते, तसेच मौन फाळके यांच्या खतावणीत आहे. सरस्वतीबाईंविषयी ‘त्याग’ आणि ‘साथ’ हे शब्द वापरण्यास हरकत नाही, परंतु ते कामाच्या वर्णनानंतर यावेत, त्याच्या जागी येऊ नयेत. आणि बिरुदांची घाई न करता आठवण, यंत्र आणि हिशेब यांची सांगड घालूनच त्यांना तंत्रज्ञ म्हणावे. तसे म्हणण्यास पुरेसा आधार आहे, असे या लेखात दिसून आले आहे.

चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार १९६९ पासून दादासाहेबांच्या नावाने दिला जातो, आणि ते उचितच आहे. प्रश्न पुरस्काराचा नाही, अभ्यासाच्या सवयीचा आहे. ही सवय केवळ १९१३ पुरती मर्यादित नाही. पुण्याच्या ज्या भागात चित्रपट संग्रहालय आहे, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला विश्रांतवाडीसारखी उपनगरे आहेत. तेथील घरांत आजही शिवणयंत्रावर, खाद्यपदार्थांच्या घरगुती उद्योगात, पतीच्या वा दिराच्या दुकानामागच्या खोलीत स्त्रिया कुशल काम करीत असतात आणि पाटीवर नाव दुसऱ्याचे असते. त्यांच्या कामाची नोंद आज कोणत्या वहीत होते, हे त्या भागातील विद्यार्थ्याला घराघरांत जाऊन विचारता येईल. ज्यांना उत्तर देता येईल त्या स्त्रिया हयात आहेत. सरस्वतीबाईंचा नेमका हात ओळखण्याची संधी फिल्मच्या कडेबरोबर गेली. या स्त्रियांना विचारण्याची संधी मात्र अजून गेलेली नाही, आणि महाविद्यालयीन संशोधनाने ती वेळीच घेतली पाहिजे.